साठीत पुन्हा बिगरीत: उशिरा गोल्फ शिकण्याच्या बाजूने

निवृत्तीनंतर तपासणीला येणाऱ्या बहुतेकांना आम्ही डॉक्टर एकच सल्ला देतो, "रोज चाला." सल्ला अगदी योग्य आहे. अडचण एवढीच की तो टिकत नाही. पाडव्याला सुरू झालेलं चालणं पहिल्या पावसात बंद पडतं. कारण विचारलं तर कधी गुडघा, कधी पाहुणे, कधी रस्त्यावरची कुत्री. खरं कारण पुष्कळदा साधं असतं. कंटाळा आलेला असतो. औषधासारखं घेतलेलं चालणं औषधासारखंच चुकवलं जातं.

म्हणून या लेखात मी थोडा वेगळा सल्ला देणार आहे. पन्नाशी-साठी ओलांडली असेल तर एक नवा खेळ शिका, अगदी पहिल्यापासून. आणि सोय होत असेल तर गोल्फचा जरूर विचार करा. तुम्ही त्यात तरबेज व्हाल म्हणून हे सांगत नाही. बहुधा होणारही नाही. तरीही तो तुमच्या उपयोगाचा आहे, आणि का ते पुढे सांगतो.

गोल्फच का?

आपल्याकडे गोल्फ हा खेळ लोकांना नावानेच जास्त माहीत असतो. नाशिकमध्ये तर "गोल्फ क्लबवर फिरायला जातो" असं हजारो लोक रोज म्हणतात आणि तिथे कोणी गोल्फ खेळत नाही! हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला हे जुनं नाव चिकटून राहिलं आहे, इतकंच. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक चौथी आली, तेव्हा अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर गोल्फ पाहिला असेल.

खेळ समजायला सोपा आहे. जेमतेम ४६ ग्रॅम वजनाचा चेंडू काठीने मारत मारत १०८ मिलिमीटर रुंदीच्या भोकात घालायचा. अशी १८ भोकं, म्हणजे 'होल', एका पूर्ण मैदानात असतात. कमीत कमी फटक्यांत जो सगळी पूर्ण करेल तो जिंकला.

उशिरा शिकणाऱ्याच्या दृष्टीने यातली सर्वांत मोठी सोय अशी की चेंडू जागेवर स्थिर असतो. बॅडमिंटनमध्ये समोरचा फूल मारतो आणि तुम्हाला अर्ध्या सेकंदात पळावं, वाकावं, वळावं लागतं. वीस वर्षं न खेळलेला माणूस एकदम असं धावला की पोटरी धरते, टाचेमागची शीर तुटते, गुडघा मुरगळतो. गोल्फमध्ये तुमची घाई कोणी करत नाही. उभं राहा, श्वास घ्या, मग मारा. चुकलात तर चालत पुढे जा आणि परत मारा.

दुसरी सोय म्हणजे 'हँडिकॅप'. हा शब्द इथे अपंगत्वाच्या अर्थाने येत नाही. खेळाडूच्या कौशल्यानुसार त्याला मिळणारी फटक्यांची सवलत म्हणजे हँडिकॅप. २०२० पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत नवशिक्याचा हँडिकॅप ५४ पर्यंत असू शकतो. समजा, एखाद्या मैदानावर चांगल्या खेळाडूला ७२ फटके अपेक्षित आहेत. तुमचा मित्र ७५ फटक्यांत संपवतो आणि त्याला सवलत फक्त दोनची आहे, तर त्याचे झाले ७३. तुम्हाला लागले १२०, पण सवलत ५४ ची, म्हणजे ढोबळमानाने तुमचे झाले ६६. सामना तुम्ही जिंकलात! वीस वर्षं खेळणारा आणि सहा महिन्यांपूर्वी काठी हातात धरलेला असे दोघे एकत्र खेळून दोघांनाही चुरस वाटावी, असे खेळ फार थोडे आहेत. शिवाय पहिला फटका मारायच्या जागा वेगवेगळ्या अंतरांवर आखलेल्या असतात. त्यामुळे नवरा-बायको, आजोबा-नात असे एकत्र खेळू शकतात.

शरीराला काय मिळतं?

पूर्ण १८ होल पायी खेळलात तर साधारण ८ ते १० किलोमीटर चालणं होतं आणि चार तासांहून अधिक वेळ जातो. ९ होलना त्याच्या निम्मं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. आठवड्यातून दोनदा ९ होल पायी खेळलात तर त्या १५० मिनिटांचा बराचसा भाग, व्यायाम केल्याची जाणीवही न होता, भरून निघतो. इथे एक अट आहे: बग्गीत बसू नका. बग्गीतून फिरलात तर हात हलतात, पाय बसून राहतात.

हे चालणं गवतावरचं असतं, थोड्या चढउताराचं. सपाट फरशीवर चालण्यापेक्षा यात घोट्याला आणि कमरेभोवतीच्या स्नायूंना जास्त सावध राहावं लागतं. फटका मारताना शरीराचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जातं. हा तोल सांभाळण्याचाच सराव आहे. साठीनंतर तोलाचं महत्त्व किती, हे ज्यांच्या घरात कुणाचं बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं साधारण ३ ते ८ टक्के वस्तुमान कमी होत जातं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. गोल्फ ही घट पूर्णपणे थांबवत नाही. त्यासाठी आठवड्यातून निदान दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेच लागतात: खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीला टेकून जोर काढणं, हलकी वजनं उचलणं. मात्र खेळात गोडी लागली की हे व्यायामही माणूस आपणहून करतो, कारण त्याला चेंडू आणखी लांब मारायचा असतो.

स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास झाला. त्याच वयाच्या आणि त्याच आर्थिक-सामाजिक स्तरातल्या इतर लोकांच्या तुलनेत गोल्फ खेळणाऱ्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. आकडा मोठा आहे, पण तो जपून वाचा. ज्यांची तब्येत मुळात बरी असते तेच गोल्फ खेळायला जातात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. त्यामुळे "गोल्फ खेळा, आयुष्य वाढवा" असं मी म्हणणार नाही. नियमित चालणं, मोकळी हवा आणि माणसांची सोबत यांचा फायदा इतर अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि गोल्फमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात.

खरा अडथळा गुडघ्यात नसतो

"या वयात काय शिकायचं डॉक्टर?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. पुढे गुडघ्याचं कारण येतं. गुडघा तपासला तर चालण्याइतका बहुतेकदा ठीक असतो. दुखतं ते दुसरीकडे.

विचार करा. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही तुमच्या कामात मुरलात. बँकेत तुमच्या सहीला किंमत होती, शाळेत तुम्ही आलात की वर्ग शांत होत होता, घरात तुमच्या हातच्या पुरणपोळीची बरोबरी कुणाला जमत नव्हती. आता तुम्ही हातात काठी घेऊन उभे आहात, जोर लावून फिरवता, आणि चेंडू जागेवरून हललेलाही नाही. शेजारी पंचविशीचा प्रशिक्षक म्हणतो, "काका, नजर चेंडूवर ठेवा." मागे दोघं-तिघं बघत आहेत. हा क्षण सोसत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी जात नाही. आणि घरी सांगतो, "गुडघा दुखतो."

बायकांच्या बाबतीत हेच थोड्या वेगळ्या शब्दांत येतं, "मला कुठे जमणार?" आयुष्यभर इतरांना शिकवण्यात, वाढवण्यात वेळ गेला, स्वतः काही शिकायची सवय राहिलेली नसते.

माझं मत असं, की उतारवयात न येणारी गोष्ट मुद्दाम हाती घेणं आणि ती न येतानाही मजेत राहणं हे तब्येतीसाठी आवश्यक आहे. कारण पुढची वीस वर्षं आपल्याला सतत काही ना काही नव्याने शिकावंच लागणार आहे. मोबाइलवरचे व्यवहार, कानातलं यंत्र, नव्या गुडघ्याने चालणं, कधी इन्सुलिन टोचून घेणं. "मला येत नाही, दाखव" हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज निघतं, त्याला हे सगळं सोपं जातं. ज्याच्या तोंडून निघत नाही, तो कानाचं यंत्र कपाटात ठेवतो आणि घरातल्या गप्पांतून हळूहळू बाहेर पडतो. चष्म्याचा नंबर वाढला हे आपण मान्य करतो. तसंच नवशिकेपणही मान्य करता यायला हवं, आणि त्याचा सराव करायला हिरवळीवरचा खेळ ही चांगली जागा आहे. तिथे चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण तर विसरूनच जा. वाढत्या वयात नवी हालचाल शिकायला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण मेंदूची शिकण्याची क्षमता संपत नाही. आज जमली नाही ती हालचाल मेंदू झोपेतही पक्की करत असतो. म्हणून एका दिवशी तीन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास सराव केला तर जास्त पदरात पडतं.

सुरुवात कशी करावी?

बहुतेक जण पहिल्याच दिवशी सर्वांत लांब काठी घेऊन सर्वांत लांब फटका मारायला जातात. उलट्या टोकाने सुरुवात करा.

१. पहिले काही दिवस फक्त 'पटिंग', म्हणजे भोकापासून दोन-तीन पावलांवरून चेंडू ढकलणं. यात ताकद लागत नाही आणि चेंडू आत पडल्याचा आवाज पहिल्या दिवशीच ऐकायला मिळतो. हा आनंद लहान समजू नका.

२. मग वीस-तीस पावलांवरून छोटे फटके, मग अर्धा स्विंग. पूर्ण जोराचा फटका सर्वांत शेवटी.

३. पहिले काही धडे प्रशिक्षकाकडूनच घ्या. चुकीच्या पकडीने केलेला सराव कोपराला महागात पडतो.

४. लगेच काठ्यांचा संच विकत घेऊ नका. नियमाने १४ काठ्या ठेवता येतात, पण तुम्हाला सुरुवातीला दोन-तीन पुरतात. त्या भाड्याने मिळतात का ते विचारा.

५. पहिले सहा महिने फटके मोजू नका. त्याऐवजी घरी येऊन वहीत एकच ओळ लिहा: आज कोणता एक फटका मनासारखा बसला? पन्नास चुकीच्या फटक्यांनंतर एक असा बसतो की हाताला काही जाणवतही नाही आणि चेंडू सरळ उडतो. त्या एका फटक्यासाठी माणूस पुन्हा येतो. नवशिक्याला हे सुख वारंवार मिळतं, कारण त्याच्या अपेक्षा कमी असतात.

६. चौघांच्या गटात खेळा. दोन तास सोबत चालताना ज्या गप्पा होतात, त्या दिवाणखान्यात समोरासमोर बसून होत नाहीत. निवृत्तीनंतर, विशेषतः पुरुषांचं, बोलणं फार कमी होतं. ते वाढायलाच हवं.

हा श्रीमंतांचा खेळ ना?

बऱ्याच अंशी हो. मोठ्या क्लबांचं सदस्यत्व महाग असतं आणि सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही. पण शिकण्यासाठी सदस्यत्व लागतंच असं नाही. 'ड्रायव्हिंग रेंज' नावाची सरावाची जागा असते. तिथे टोपलीभर चेंडूंचे पैसे द्यायचे आणि मारत बसायचं. सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानासारख्या ठिकाणी सदस्य नसतानाही शुल्क भरून खेळता येतं. लष्कराच्या अनेक ठाण्यांत गोल्फची मैदानं आहेत. निवृत्त सैनिकांनी तिथे चौकशी करावी. जाण्यापूर्वी फोन करून वेळ, शुल्क आणि बुटांचा नियम विचारून घ्या.

तुमच्या गावात हे काहीच नसेल तर हळहळू नका. टेबल टेनिस घ्या, पोहणं शिका. फक्त चार गोष्टी पाहा: आपल्या गतीने खेळता येतं का, सोबत मिळते का, हळूहळू केलेली प्रगती दिसते का, आणि तुमच्या सांध्यांना ते झेपतं का. चारही उत्तरं 'हो' असतील तर तो खेळ तुमचा.

आधी डॉक्टरांशी बोला

पुढीलपैकी काही असेल तर सुरू करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना जरूर भेटा.

हृदयविकार: अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांपैकी अनेकांना चालण्याचे खेळ चालतात, पण केव्हा आणि किती हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. खेळताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम यांपैकी काहीही जाणवलं तर "हा होल संपवून जातो" म्हणू नका. तिथेच थांबा, मदत मागा आणि थेट रुग्णालयात जा.

मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर तासा-दोन तासांच्या चालण्यात उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवाच. हातपाय थरथरले, घाम फुटला, भान हरपल्यासारखं वाटलं तर लगेच तीन चमचे साखर घ्या. घरी आल्यावर पायांचे तळवे तपासा.

रक्तदाब आणि प्रोस्टेटच्या गोळ्या: यांपैकी काहींमुळे वाकून एकदम उठताना चक्कर येते, आणि गोल्फमध्ये चेंडू उचलायला सारखं वाकावं लागतं. गुडघे वाकवून, काठीचा आधार घेऊन सावकाश उठा.

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा: जोरात पीळ देऊन मारलेल्या फटक्यात कण्यावर मोठा दाब येतो. मणक्याचं फ्रॅक्चर झालेलं असेल तर पूर्ण स्विंग परवानगीशिवाय नको.

सांधेरोपण: गुडघा किंवा खुबा बदललेल्या अनेकांना काही महिन्यांनी शल्यचिकित्सक गोल्फची परवानगी देतात. मात्र विचारल्याशिवाय सुरू करू नका.

दुखापती कशा टाळाव्यात?

हौशी खेळाडूंमध्ये सर्वांत जास्त तक्रारी कंबरेच्या असतात. त्यानंतर कोपर, मनगट, खांदा. कंबरेचे मणके फार वळण्यासाठी बनलेले नाहीत. वळणं खुब्यातून आणि पाठीच्या वरच्या भागातून यायला हवं. खुबे आखडलेले असले की सगळा पीळ कंबरेवर येतो. म्हणून खेळण्यापूर्वी दहा मिनिटं भरभर चाला, खुबे आणि खांदे गोलाकार फिरवा, आणि काठी आधी हळू, मग थोडी जोरात अशी दहा-बारा वेळा फिरवून घ्या.

कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला 'गोल्फर्स एल्बो' असंच नाव आहे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्यांनाही ते होतं. पैसे वसूल करायचे म्हणून एका दमात शंभर चेंडू मारू नका. सुरुवातीला तीस-चाळीस पुरे. दुखलं तर आठवडाभर हात थांबवा, पटिंग चालू ठेवा. दुखणं दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर दाखवून घ्या.

ऊन आणि वीज यांची काळजी आपल्याकडे विशेष घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी उजाडताच सुरू करून नऊच्या आत आटोपा. टोपी, पाण्याची बाटली, सनस्क्रीन सोबत हवं. लघवी जास्त होण्याची गोळी घेत असाल तर उन्हाळ्यात किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांना विचारा. वळवाच्या पावसात ढग गडगडले की खेळ बंद, मोकळ्या मैदानात किंवा झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत जायचं. आणि "फोर!" अशी हाक ऐकू आली की वर बघू नका. ती चेंडू तुमच्या दिशेने येत असल्याची सूचना असते. डोकं हातांनी झाकून खाली वाका.

शेवटी एवढंच

या महिन्यात एक सकाळ काढा. जवळची रेंज शोधा, एक टोपली चेंडू घ्या आणि एक अर्ध्या तासाचा धडा. एकटं जायचा संकोच वाटत असेल तर तुमच्याइतकंच न येणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण सोबत न्या. पहिल्या दिवशी निम्मे चेंडू हुकतील, हे गृहीत धरूनच जा. सहा आठवड्यांनंतर आवडलं नाही तर सोडून द्या, त्यात काही कमीपणा नाही. पण "या वयात काय शिकायचं" म्हणून पहिल्या दिवशीच जायचं टाळू नका. आणि पुढच्या तपासणीला याल तेव्हा साखरेच्या रिपोर्टबरोबर ती वहीही घेऊन या. मनासारखा बसलेला फटका कोणता, ते मलाही ऐकायचं आहे.